घरचा धंदा विचारायचा न्हाय

शाळंनं समुपदेशनाचा कार्यक्रम करायचा ठरवला आणि त्यात पयलं नाव आमच्या सौंदर्याचं घातलं, तवाच माझं डोस्कं फिरलं.

मी सोमलिंग. कबनुरात आमचं घर हाय, खाली कापडाचे चार यंत्रमाग आणि वर आम्ही तीन माणसं. सकाळी सातला बटण दाबलं की खडखडाट सुरू हुतो, त्यात कोण कुणाला ऐकू येत न्हाय आणि त्याचं कुणाला काय वाटतबी न्हाय. आमची गल्ली सगळी हातानं बोलती. अंगठा फिरवला की धोट्यातली सुताची कांडी संपली, दोन बोटं कात्रीगत केली की तार तुटली, तळवा पोटावर ठिवला की जेवाय चला. लईच काय सांगायचं असलं तर माणसाच्या फुड्यात उभं ऱ्हायचं आणि तोंड मोठं करून बोलायचं. माझी बायको चन्नम्मा संकेश्वराकडची. लग्न होऊन आली तवा पयले सा म्हैने रडायची. ह्या घरात माझ्यासंगं कोण बोलतच न्हाय म्हणायची. आता ती लग्नाच्या पंगतीतबी हातवारे करती.

त्या दिवशी मी दोन नंबरच्या मागावर ताण्याच्या सुताचा नवा बीम चढवून तारा जोडत हुतो. मान मोडून आलती. चन्नम्मा जिन्यावनं खाली आली आणि मोबाईल माझ्या नाकाफुडं धरला. शाळंच्या पालकांच्या ग्रुपवर कागद आलता. ‘सर्वंकष समुपदेशन कार्यक्रम, पूर्वतयारी.’ खाली पयल्या टप्प्यात भेटायच्या पाच पोरांची नावं, आणि एक नंबरला सौंदर्या सोमलिंग हुक्केरी, नववी ब.

"समुपदेशन म्हंजे काय वो?" चन्नम्मानं तोंड हलवून विचारलं.

मी कपाळावर बोट टेकवलं आणि फिरवलं. ती तिथंच सुताच्या पोत्यावर बसली.

धा मिंटांनी कागद ग्रुपवरनं काढून टाकला. चुकून पडलाय म्हणं. पण धा मिंटांत गल्लीनं वाचायचा तो वाचला. संध्याकाळी टपरीवर बाळासोनं मला बघून कोपरानं शेजारच्याला ढोसलं. बाळासो आमच्या मागच्या गल्लीतला, त्येचे सा माग. म्हणाला, "काय सोमलिंगा, पोरगी ठीक हाय न्हवं?"

"ठीक हाय की. तुझंच नाव घालाय पायजे हुतं त्यात," मी म्हणलं आणि च्या अर्धा टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी माग बंद करून शाळंत गेलो. हेडमास्तरीण घोरपडे मॅडमनी खुर्ची दिली, मी बसलो न्हाय.

"यादी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायची होती, चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी हात जोडते."

"हात नंतर जोडा. पोरीनं केलंय काय ते सांगा."

"काही केलं नाही. वर्गात बोलत नाही. काही विचारलं की कधी उत्तर देते, कधी तशीच बसून राहते. नवे सर आलेत मराठीला, ते म्हणाले मुद्दाम दुर्लक्ष करते. डबा एकटीच खाते. सातवीपर्यंत पहिल्या पाचात होती, आता बघा."

"बोलत न्हाय हा गुन्हा हाय व्हय? बोलली असती तर लई बोलती म्हणून बोलावलं असतंसा."

मॅडम जरा हसल्या, त्यानं माझा पारा आणखीनच चढला. मग त्या म्हणाल्या, "कार्यक्रम अजून कागदावरच आहे. आखायचाय. पालकांतून दोघं पाहिजेत समितीवर. तुम्ही या. जे पटत नाही ते तिथंच बोला."

मी वळखलं. खुर्ची देऊन तोंड बंद करायचा डाव हुता. पण आत बसलं म्हंजे काय शिजतंय ते तरी कळंल, म्हणून व्हय म्हणलं.

आता मी एवढा का बिचकतो ते सांगतो. मागं एकदा अशीच दोन माणसं वह्या घिऊन गल्लीत आलती. गोड बोलली, पाणी प्याली, पोरांना चॉकलेट दिली, कोण काय काम करतं ते विचारलं. आठ दिवसांत कामाला पोरं लावल्याची चौकशी लागली आणि शेजारचे दोन माग म्हैनाभर बंद. आणि आमची सौंदर्या पाचवीपास्नं कांड्या भरती. सकाळी शाळंआधी दोन तास, संध्याकाळी दोन तास. कांडी मशीन चार मागांच्या मधोमध, भिताडाला लागून. मी लहानपणी तेच केलं, माझ्या बानंबी तेच केलं. कुणाला सांगायची गोष्ट न्हाय आणि लपवायचीबी न्हाय, पण वहीत लिवली की ती निराळीच हुती.

समितीची बैठक बुधवारी चारला शाळंच्या प्रयोगशाळंत भरली. घोरपडे मॅडम, मी, बाळासो, खिचडी करणारी बायडाबाई आणि समुपदेशक म्हणून येणाऱ्या सुष्मिता मॅडम. ह्या हातकणंगल्याहून आठवड्यातनं दोनदा येणार हुत्या. वय तिशीच्या आत, बारीक अंग, आवाज त्याहून बारीक. बोलताना मला त्यांच्या तोंडाकडं बघायला लागायचं.

त्यांनी आराखडा वाचून दाखवला. पाचवी ते धावी, दर वर्गाला म्हैन्यातनं एक तास. परीक्षेची भीती, मोबाईल, लवकर ठरणारी लग्नं, धावीनंतर काय. शिक्षकांना दोन दिवस शिकवणार, पालकांची सभा घेणार. ज्येला बोलायचंय त्येनं चिठ्ठी टाकायची म्हणून कुलपाची पेटी. आणि गरज असंल त्या पोराला एकट्याला बसवून बोलायचं.

"पेटी कशाला?" बायडाबाई म्हणाली. "पोरं खिचडीच्या रांगंत मला समदं सांगत्यात. कोण उपाशी आलंय, कुणाच्या बानं मारलंय. ताट फुडं करताना हात बघितला की कळतंय."

सुष्मिता मॅडमनी ते लिवून घेतलं. "मावशी, मग तुम्ही आमच्या कार्यक्रमातच आहात," म्हणाल्या. बायडाबाई लाजली, पण मला ते पटलं न्हाय. गोड बोलायची पद्धत मी वळखतो.

मग त्यांनी पोरानं भरायचा कागद फुड्यात सारला. घरात माणसं किती, व्यसन कुणाला, घरचा व्यवसाय काय, विद्यार्थी घरी कोणतं काम करतो, किती तास. मी बाळासोकडं बघितलं, बाळासोनं माझ्याकडं. ज्ञानू धरून त्येची दोन पोरं कांड्या भरत्यात.

मी उभा ऱ्हायलो. "हे काय हाय? पोराच्या डोक्याचं बघायला आलाय का आमच्या घरावर टाच आणायला?"

"तसं नाही हो. मूल कोणत्या घरातून येतं हे कळलं नाही तर मी त्याच्याशी काय बोलू?"

"पुस्तकातलं बोला. परीक्षेचं बोला. घरचा धंदा विचारायचा न्हाय."

"व्हय, हे बरोबर हाय," बाळासो म्हणाला. "न्हायतर पालकांच्या सह्या मिळायच्या न्हाईत. आमची निम्मी शाळा मागवाल्यांची हाय."

सुष्मिता मॅडम घोरपडे मॅडमकडं बघाय लागल्या. सह्या न्हाईत तर कार्यक्रम न्हाय, हे त्या दोघींनाबी ठावं हुतं. शेवटी अकरावं कलम म्हणून घातलं, ‘घरचा व्यवसाय व घरातील काम याबाबत विद्यार्थ्यास विचारणा करू नये.’ मी ते माझ्यासमोर लिवून घेतलं, दोनदा वाचलं. वर बारावं घातलं, पोरगी असंल तर पयल्या भेटीला पालक संगं बसणार. खरं सांगतो, बाहेर पडताना मला लई मर्दुमकी केल्यागत वाटलं. बाळासोनं टपरीवर च्या पाजला.

पण घरी आल्यावर एक गोष्ट टोचाय लागली. धंदा न्हाय विचारला तरी पोरगी गप का ऱ्हाती? काय लपवती?

मी तिच्यावर नजर ठिवली. दप्तर उचकटलं. वह्या नीट हुत्या, पण मराठीची वही अर्ध्यातनं कोरी. मोबाईल बघितला, त्यात काय न्हाय. चन्नम्माला विचारलं तर ती म्हणाली, "पोरगी मोठी झालीया, गप असायचीच. मी न्हवते व्हय?" म्हंजे आईलाबी काय ठावं न्हाय, न्हायतर ठावं असून सांगत न्हाय. मला दोन्हीचा संशय आला.

शुक्रवारी शाळा सुटायच्या वक्ताला मी चौकात जाऊन थांबलो. सौंदर्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली. दुकान पिराजीचं, पंचविशीचा गडी, मिशा कोरलेला. तो काय तरी बोलत हुता आणि ही त्येच्या तोंडाकडं टक लावून बघत हुती. पापणी हलवत न्हवती. असं कोण परक्या गड्याकडं बघतं? माझ्या अंगाचा भडका उडाला. रस्ता वलांडून गेलो आणि पिराजीची कॉलर धरली.

"काय चाललंय रं?"

"अहो मामा, सोडा. काय चाललंय म्हंजे? झेरॉक्स मागची-फुडची का एकाच बाजूची ते इचारतुया."

"मग पोरगी अशी बघती का तुझ्याकडं?"

"ते मला काय ठावं? लई दिवस झालं, ही अशीच तोंडाकडं बघती. मीच घरी जाऊन आरशात बघितलं, काय लागलंय का काय म्हणून."

चार माणसं गोळा झाली आणि हसली. सौंदर्याचं तोंड पांढरं पडलं. तिला दंडाला धरून घरी आणली. वाटंत मी बोलत हुतो, तोंडाला यील ते बोलत हुतो, आणि ती खाली मान घालून चालत हुती. एका शब्दाला उत्तर न्हाय. दारात आल्यावर मी तिला फिरवली आणि तोंडासमोर तोंड नेऊन म्हणलं, "उद्यापास्नं शाळा बंद. कांड्या भर."

त्यावर तिनं मान हलवली. रडली न्हाय. मला वाटलं, बघा, गुन्हा कबूल हाय.

आठ दिवस ती कांडी मशीनवर बसली. नऊ वारी साडीचा माल चालू हुता, कांड्या लई लागायच्या. मी अंगठा फिरवायच्या आधी ती कांड्यांची टोपली मागापाशी आणून ठिवायची. हाताला अशी सफाई की मलाबी जमायची न्हाय. मशीनला हात लावून बसायची आणि कुठल्या मागाचा ठेका चुकतोय ते हातानं वळखायची. मला अभिमान वाटायचा आणि रागबी यायचा. शाळंतनं तीनदा फोन आला. सोमवारी तिची समुपदेशनाची पयली भेट हुती, ती मी होऊ दिली न्हाय. चौथ्यांदा फोन वाजला तवा मी तो पालथा ठिवला.

शनिवारी दुपारी दोनला लाइट गेली.

लाइट गेली की आमच्या गल्लीत एकाएकी अशी शांतता पडती की अंग दचकतं. लांबची कुत्री ऐकू येत्यात, कुणाच्या तरी घरातली फोडणी ऐकू येती. मी घाम पुसत तीन नंबरच्या मागाआड बसलो. सौंदर्या माझ्याकडं पाठ करून भरलेल्या कांड्या पेटीत लावत हुती.

"सौंदर्या, पाणी आण," मी म्हणलं.

ती कांड्या लावत ऱ्हायली. मला वाटलं, रुसलीया. आठ दिवसांचा राग हाय पोटात.

"ए पोरी, पाणी आण म्हणलं न्हवं."

तिनं एक कांडी उचलली, टोक बघितलं, लावली. माझं टाळकं सणकलं. मागात कांडी घालायचा धोटा हुता, लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादाच्या टोप्या. तो काढला आणि रागाच्या भरात शहाबादी फरशीवर हाणला. खण्णकन आवाज झाला. वर चन्नम्माच्या हातातनं भांडं पडलं. ती जिन्यात आली आणि म्हणाली, "काय झालं वो?"

सौंदर्या वळली न्हाय. खांदासुद्धा हलला न्हाय.

मी आणि चन्नम्मा एकमेकाकडं बघत ऱ्हायलो. चन्नम्मानं हळू हाक मारली, मग मोठ्यांदा मारली, मग वरडली. पोरगी कांड्या लावत हुती. मी फुड्यात जाऊन उभा ऱ्हायलो तवा तिनं मान वर केली, माझ्या तोंडाकडं बघितलं, टक लावून, आणि म्हणाली, "काय, अप्पा?"

मी सुताच्या पोत्यावर बसलो. पिराजीचं तोंड, मराठीचे नवे सर, मुकाट चाललेली वाट, सगळं एकदम कळलं. ह्या घरात कुणी कुणाला हाकच मारत न्हाय, मग पोरीला ऐकू येतंय का न्हाय हे कळायचं कसं? चार मागांच्या मधोमध मीच बसवलीती तिला. आणि ती कशानं गप हाय म्हणून मी तिचं दप्तर उचकटत हुतो. लाज वाटली मला. माझ्या बापजन्मात एवढी वाटली न्हवती.

त्या रविवारी चन्नम्मा माझ्याशी एक शब्द बोलली न्हाय, हातानंबी न्हाय.

सोमवारी समितीची दुसरी बैठक हुती, आराखडा पक्का करून सह्या करायच्या. मी सौंदर्याला संगं घिऊन गेलो आणि तिला बाहेर बायडाबाईपाशी बसवली. आत जाऊन सांगितलं, "अकरावं कलम काढा."

घोरपडे मॅडमनी चष्मा काढला. बाळासो ताडकन उठला.

"काय रं? डोकं ठिकाणावर हाय का? मागच्या बैठकीत तूच घातलंस."

"मीच घातलं. मीच म्हणतोय काढा. घरात माग हाय का विचारा, पोर किती तास त्याच्यापाशी बसतं ते विचारा. लिवून घ्या."

"तुझ्या पोरीचं काय असंल ते तुझं तू बघ," बाळासो म्हणाला. "आमच्या घरात का वढतूस? उद्या चौकशी लागली तर माझं सा माग तू चालवणार हाईस?"

"न्हाय चालवणार. मला एक सांग. तुझ्या ज्ञानूला लाइट गेल्यावर मागनं हाक मारून बघितलीयास कधी?"

"मागनं कशाला? पोरगं फुड्यात असतंय की."

"मारून बघ."

बाळासो खाली बसला आणि पुढ्यातला कागद उगंच सरळ करत ऱ्हायला. 

सुष्मिता मॅडमनी मला सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "ह्येची चौकशी झाली तर होऊदे." म्हणताना शेजारचे बंद पडलेले माग डोळ्याफुडं आले, खोटं कशाला बोलू? त्यांनी कलमावर रेघ मारली आणि त्याच्या वर लिवलं की भेटीला येणाऱ्या प्रत्येक पोराचे आधी कान तपासायचे, मग बाकीचं. शिक्षकांनी फळ्याकडं तोंड करून बोलायचं न्हाय, हेबी घातलं. सही करताना बाळासोनं लई वेळ घेतला, पण केली.

मग सुष्मिता मॅडमनी सौंदर्याला आत बोलावलं. बाकीची उठून गेली. बाराव्या कलमापरमाणं मी बसलो. मॅडम खुर्ची वढून तिच्या अगदी फुड्यात बसल्या, खिडकीचा उजेड स्वतःच्या तोंडावर यील अशा.

"तुला कमी ऐकू येतं, हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"सातवीच्या दिवाळीपास्नं. आधी डाव्या कानानं, मग दोन्ही. कोण फुड्यात येऊन बोललं तर तोंड बघून कळतं. आधीच्या बाई समोर बघून बोलायच्या. नवे सर फळ्यावर लिवत लिवत बोलत्यात."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस? घरी?"

सौंदर्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत मॅडमच्या तोंडाकडं बघितलं.

"घरी सांगितलं तर अप्पा शाळा बंद करतील म्हणून."

आठ दिवस तिला घरात बसवली हुती की मी. न सांगताच बसवली. दोन वरसं पोरीनं एकटीनं जे राखलं ते मी एका शुक्रवारात मोडलं, आणि मला वाटत हुतं की लपवाछपवी ती करतीया, सगळी दुनिया करतीया, मी तेवढा सरळ हाय. डोळ्यात पाणी आलं, ते मी टॉवेलनं पुसलं. दोघींनी बघितलं, बघूदे.

सुष्मिता मॅडम मला म्हणाल्या, "हुक्केरी, नियमाप्रमाणं तुम्ही बसू शकता. पण तिला विचारा."

मी उठलो आणि पोरीच्या समोर गेलो, माझं तोंड तिला नीट दिसंल असा.

"मी बसू का जाऊ, सौंदर्या?"

तिनं माझे ओठ थांबेस्तोवर वाट बघितली.

"जावा, अप्पा," ती म्हणाली, आणि पार बाहेर बायडाबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाली.